दाराच्या आतल्या अळ्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, ज्यांच्या हस्ते आत्ता आमचा सत्कार झाला त्या प्रमुख पाहुण्या, आमच्या मोटारीला पहिला क्रमांक देणारे परीक्षक महोदय, आणि जुन्या गाड्यांपायी घरच्यांची बोलणी खाणाऱ्या तमाम सभासदांनो,

मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलंय. दोन शब्दांत उरकलंही असतं, पण ते शब्द सभेत उच्चारण्यासारखे नाहीत. म्हणून जरा सविस्तर बोलते.

निवेदक म्हणाले, “ड्रायव्हरच्या बाजूचं दार बघा, ताईंच्या हातोडीची कमाल बघा!” तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या ऐकताना मला त्या दाराच्या आतला वास येत होता. अलंकारिक बोलत नाही हो, खरंच येत होता.

ही मोटार आमच्या वडिलांची. मोटारींचे पत्रे ठोकायचं त्यांचं दुकान होतं आणि ते काम मी त्यांच्याकडे शिकले. माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे या शेजारच्या सत्कारमूर्तींना, इंजिनाचं वेड. त्यामुळे गाडी पुन्हा उभी करायची ठरली तेव्हा वाटणीत वाद नव्हता. इंजिन त्याचं, पत्रा माझा. मडगार्ड, बॉनेट, डिकीचं झाकण, सगळं मी हाताने सरळ केलं. राहिलं होतं ते दार. ते बंधुराजांनी गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबावर घातलं होतं. चांगलं चेपलं होतं.

पाहुण्या या धंद्यातल्या नाहीत, म्हणून सांगते. चेपलेला पत्रा सरळ करायचा तर आतून लोखंडी ठोकळा रेटून धरायचा आणि बाहेरून हातोडी चालवायची, हलक्या हाताने. खड्ड्याच्या मधोमध कधी मारायचं नाही. जी घडी शेवटी पडली ती आधी उलगडायची आणि कडेकडेने आत यायचं. वडील म्हणायचे, “पत्र्याला घाई सांगू नये, तो रुसतो.” दुसरा रस्ता आळशांचा. खड्ड्यात लांबी भरायची, म्हणजे लगदा थापायचा, वाळला की घासायचा आणि वरून रंग मारायचा. न धुतलेल्या तोंडावर पावडर!

मी लेकीच्या बाळंतपणाला निघाले तेव्हा बजावलं, “दाराला हात लावू नकोस, मी आल्यावर बघते.” हा म्हणाला, “ताई, तुझी शपथ.” शपथसुद्धा माझी, स्वतःची नव्हे.

परतले ती थेट स्पर्धेच्या दिवशी. गाडी दोरीच्या आत, दार चकाचक, समोर पाटी: ‘हात लावू नये.’ हा म्हणाला, “तुझ्याच पद्धतीने ठोकून घेतलं गं.” मी विश्वास ठेवला. भाऊ ना तो!

दुसऱ्या दिवशी त्या दाराची काच अडकली. मी आतलं अस्तर उघडून हात घातला. बोटांना काहीतरी लागलं, लांबट, वेडंवाकडं, एकाला लागून एक. बॅटरी लावली. पत्रा बाहेर ओढायला कुणीतरी त्याला भोकं पाडली होती आणि बाहेरून थापलेली लांबी त्या भोकांतून आत येऊन वाळली होती. अळ्या! दारभर अळ्या. मध्ये ओला गंज, आणि असा कुबट वास की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाहेरून टिचकी मारली तर पत्र्याचा आवाजच येईना. ठक. जाड थर नुसता. आणि मानचिन्हावर काय कोरलंय? ‘मूळ पत्र्याच्या सर्वोत्तम कामासाठी.’ खाली नाव माझं. परीक्षक महोदय, आपण एक टिचकी तरी मारली होतीत का? नाही ना? असू द्या, पाणी घ्या.

मी याला जाब विचारला. हा काय म्हणाला असेल? “ताई, लोक बाहेरूनच बघतात गं. आत कोण हात घालतंय?” मंडळी, अळ्यांची शिसारी साबणाने हात धुतल्यावर गेली. या वाक्याची अजून जात नाही. मी सख्खी बहीण, वडिलांचा हात ज्याच्या डोक्यावर होता त्याच्या तोंडून हे ऐकते! पुढे म्हणतो, “सत्कारापुरती गप्प बस, मग बघू.” मीही म्हटलं, “बघू.”

आज सकाळी हा प्रमुख पाहुण्यांना आणायला गेला. गाडी मी घेऊन येईन, असं मीच सुचवलं होतं. बंधुराज, असे पांढरे पडू नका, सांगते. मी हत्यारं काढली आणि त्या दारावरची लांबी खरवडून काढली, सगळी. मग तशीच गाडी चालवत इथे आणली आणि बाहेर कापडाखाली उभी केली.

हे मानचिन्ह मी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवते. माझ्या नावाने ते घरी नेणं मला जमणार नाही. आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आपण सगळे गाडीबरोबर फोटो काढणार आहोत. जरूर काढू. त्या दाराच्या बाजूलाच उभे राहा. खड्डा आहे, भोकं आहेत, गंज आहे, पण जे दिसेल ते खरं आहे.

इतका वेळ शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. दाराबद्दल मात्र कुणी माफी देऊ नका, त्यालाही नको आणि टिचकी न मारता विश्वास ठेवणाऱ्या मलाही नको. चला, भाऊराया, ऊठ. कापड तूच काढ.