दहापैकी दोन

ओहायोतल्या डब्लिनच्या क्लिनिकात मैत्री नंबरची वाट पाहत होती. डॉक्टरांकडून बाहेर आलेले मायलेक समोर येऊन बसले. मराठी कानावर पडताच तिनं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"आई, पाठ दहापैकी किती दुखते विचारलं, तर तू दोन म्हणालीस!"

"परक्या बाईसमोर काय रडगाणं गायचं? किती गोड बोलत होती बिचारी."

"अगं, ओहायोत आत्ता कुठे औषधाला गांजा लीगल झालाय. दुखणं सिव्हियर असेल तरच तो घ्यायचं कार्ड मिळतं."

"नाही तर नाही."

"रात्रभर कण्हतेस. ऐकू येतं मला."

"तुमच्या इथल्या भिंतीच मेल्या पातळ."

"चल, परत आत जाऊ. खरं किती दुखतं?"

"डॉक्टरीणबाईंना सांगू, की तुला?"

"मला सांग."

"मग दोनच."