दाण्याचे लाड

छातीच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी रिफायनरीतले एक इंजिनिअर आणि त्यांची बायको नंबरासाठी बसले होते.

"अहो, ठेवा तो फोन! काय झालंय एवढं?"

"जड तेल फोडून पेट्रोल करणाऱ्या झिओलाइटच्या दाण्यांवर काजळी साचलीय. भोकं बुजली की पेट्रोल कमी निघतं."

"मग?"

"हवा सोडून काजळी जाळायची. हळूहळू. घाई केली तर जास्त तापून दाणाच कायमचा कामातून जातो."

"हे असं कधी करता?"

"सारखंच. दाणा दोन-तीन सेकंद राबतो, की लगेच हवेवर."

"काय लाड आहेत दाण्याचे! आणि तुम्ही? शेवटची रजा कधी काढली होती?"

"धाकटी झाली तेव्हा, बहुतेक."

"बहुतेक नाही, तेव्हाच. आज गाडी चालवत आपल्याला इथे तिनेच आणलंय."