चिंगीची भूल

...आणि एवढं करून घरात माझं नाव काय पडलं, तर घाबरट! तुम्हीच सांगा, आमच्या चिंगीची, म्हणजे कुत्रीची हो, नसबंदी करायची, तिला पूर्ण भूल देणार, आणि मी डॉक्टरांना साधे चार प्रश्न विचारायचे नाहीत? बरं, चौदा असतील. पण मी घाबरट नाही हो, मी फक्त विचारते! भूल जास्त झाली तर? कमी पडली आणि मध्येच उठून बसली तर? आणि... उठलीच नाही तर? हे शेवटचं हळूच विचारलं, कारण मांडीवर माझी चार वर्षांची खुशी होती.

डॉक्टर गोंदियाचे, मराठीत सुरू होऊन हिंदीत संपणारे. "ताई, धोका शून्य असं मी म्हणणार नाही, लेकिन कम करना अपने हाथ में है. रक्त तपासलं, वजन केलं, हृदय ऐकलं. एक माणूस फक्त तिचा श्वास बघत बसेल. तुमचं काम एकच, रात्री दहानंतर खायला काही नाही. भुलीत उलटी झाली तर फुप्फुसात जाते, फिर मुश्किल है."

एकच काम! मी फ्रिजवर कागद चिकटवला, खुशीची बिस्किटं कुलपात, खुशीच्या पप्पांना तंबी... सकाळी फक्त दहा मिनिटं आंघोळीला गेले. दहाच!

आमच्या सालेकसाहून गोंदिया गाठलं, चिंगी टेबलावर चढली, डॉक्टरांनी विचारलं, "कुछ खिलाया तो नहीं?" मी ताठ मानेनं, "कणही नाही!" आणि खुशी म्हणते, "आजीनं दही-साखर देल्ली ना! दोन वाट्या!"

झालं! ऑपरेशन रद्द, चिंगी मिशा चाटतेय, आम्ही परत. दारातच सासूबाई.

"काऊन वं, झालं बी?"

"आई, दही काऊन चारलं?"

"म्या का जहर देल्लं? एवढ्या मोठ्या कामाले जाऊन राहिलं होतं लेकरू, दही न देता धाडू? तू पेपरले जात होती तं तुयी माय देत नव्हती का?"

"आणि दुसरी वाटी?"

"पहिली लवकर संपवली तिनं."

मी घाबरट नाही हो, मी फक्त विचारते! पण फुप्फुसाचं सांगितलं तशा सासूबाई मटकन बसल्या, चिंगीला कवेत घेतलं. "माय वं... म्या मारलीच असती का तुले?" मलाच रडू आलं.

पण पुढच्या गुरुवारी, ऑपरेशनच्या नव्या तारखेला, याच सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसल्या! "तिच्या पोटात काही नाही अन् तुमचं तोंड चालते?" खुशीला तेवढं गुपचूप शेजारी जेवू घातलं, बाकी पोहे बंद, माझा चहासुद्धा बंद! म्हटलं, जाऊ दे, चिंगीसाठी.

तिकडे दवाखान्यात चिंगीला आत नेलं, दार लागलं, मी बाहेर. खुशीचे पप्पा म्हणतात, "बस ना." कशी बसणार? आत श्वास मोजताहेत ना? माणूस चहाला तर नाही ना गेला? दोनदा दार वाजवलं. मी घाबरट नाही हो, मी फक्त विचारते!

शेवटी डॉक्टरांनी बोलावलं. "या, भेटा." टेबलावर चिंगीनं डोळे उघडले, मला बघून शेपटीचं टोक हललं... आणि तुम्हाला सांगते, माझ्याच डोळ्यांपुढे अंधार!

शुद्धीवर येताना डॉक्टरांचा आवाज ऐकू आला, यांनाच रागावत होते, "भाई, इनको तो कुछ खिलाके लाना था!"

आणि दवाखान्यात टेबल एकच. चिंगीला खाली चादरीवर ठेवलं, आणि वर मी.