मळईतला गडू

मंडळी, आधी एक सांगा. फुकट हाती आलं, ते कुणाचं असतं? ज्याच्या दारात आलं त्याचं? खांबाला टेकलेले काका मान डोलावताहेत — की पेंगताहेत? असू द्या. ऐका!

एक नदी होती, वळणावळणाची. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी धडका देतं, काठ खातं. पुढच्या वळणाला, आतल्या अंगाला ते दमतं — आणि खाल्लेलं तिथं टाकतं. त्या गाळाची जमीन म्हणजे मळई. वरच्या वाडीचा काठ दरसाल कमी, खालच्या वाडीची मळई दरसाल जास्त! खालचे म्हणायचे, "नदीमाय देते!" कुठून आणते, हे विचारलं कुणी? छे!

कौतिका वरच्या वाडीची लेक, खालच्या वाडीची सून. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. आईनं रीतीप्रमाणे बाळाची नाळ तांब्याच्या गडूत घातली, सोबत हळकुंड ठेवलं, तोंड लाखेनं बंद केलं आणि नदीकडच्या परसात, चुलीमागच्या भिंतीला लागून पुरलं.

पुढं पूर आला. ओसरला. खालच्या वाडीची रीत अशी, की नव्या मळईत टरबुजाची पहिली बी तान्ह्या लेकराच्या आईनं लावायची. कौतिका बाळाला कडेवर घेऊन वाकली. हात गाळात रुतला, पार कोपरापर्यंत. आत काहीतरी लागलं. गार. गोल.

ओढून काढलं — गडू! तोंडाला लाख. हलवला, आत खुळखुळ झाली. रडणारं बाळ एकदम गप्प झालं, गडूकडं टक लावून बघू लागलं. कौतिकानं बूड पुसलं. नाव कोरलेलं — गजराबाई. तिची आई!

सासू ठकूबाई खूश. "अगं, यंदा मायनं भांडंसुद्धा दिलं! चिंचेनं घासून घे."

"आत्याबाई, हे भिंतीला लागून पुरलेलं होतं."

"मग?"

"मग आता त्या भिंतीखाली काय आहे?"

सांगा, काय असेल?

कौतिका बाळ नि गडू घेऊन माहेराकडं धावली. दोन कोस! घर समोरून जसंच्या तसं. आत आई दळत बसलेली. "ये गं! पूर गेला, आता कसली धास्ती? चहा टाकते."

"आई, जातं थांबव."

जातं थांबलं. पण मंडळी — घरघर थांबली नाही! जमिनीखालून येत होती. पाणी काठ पोखरत होतं.

आई हळूच म्हणाली, "आठ दिवस ऐकतेय. वाटलं, माझेच कान वाजतात."

कौतिकानं गडू तिच्या हातात दिला. आईनं कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला. पीठ तसंच टाकून उठली. दोघी बाळाला घेऊन वाटेवरच्या चिंचेच्या झाडापर्यंत पोचल्या, मागं वळल्या — आणि घर खाली बसलं. आवाज नाही, काही नाही. चुलीचा धूर तेवढा पाण्यावर रेंगाळत राहिला.

पुढच्या साली ठकूबाई मळईत उभ्या. "विहीणबाई, बघा, केवढी वाढली!"

गजराबाईंनी एक ढेकूळ उचललं. एका बाजूला चुना, दुसऱ्या बाजूला काजळी. "माझी चूल आहे ही, विहीणबाई. बी जपून लावा."

मंडळी, नदी कुणाला काही देत नाही. ती इथलं उचलते, तिथं ठेवते. तुमच्या दारातही काही आपसूक वाढलं असेल. त्यात हात घालाल, तर खोल घाला. आणि बूड पुसून नाव वाचा. तुम्हीसुद्धा, काका!