जप्तीत गेलेलं कानाचं मशीन

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांना दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण समोरचे सासरे सुनेशी अशा आवाजात बोलत होते की रस्त्यावरच्यांनीही वळून बघावं.

“सूनबाई, पोलिसांनी माझं कानाचं मशीन कशाला नेलं?”

“बाबा, हळू! बॅटरीवर चालणारं सगळंच नेलं. देशाच्या सुरक्षेसाठी.”

“कशासाठी?”

“सुरक्षेसाठी!”

“माझ्या कानापासून देशाला धोका?”

“यांच्या बातमीपासून. सरकारचं गुपित छापलं ना यांनी.”

“कसलं गुपित? सगळ्या गावानं वाचलंय ते!”

“बाबा, घरी गेल्यावर बोलू.”

“माझ्या लेकाला सोडणार कधी?”

“कागद कोणी दिले ते सांगितलं की. हे सांगत नाहीयेत.”

“एवढंच ना? मला माहीत आहे की! कागद घेऊन आला तेव्हा दार मीच उघडलं होतं.”

“बाबा, पाया पडते, गप्प बसा! त्या माणसाला उचलून नेतील!”

“अगं, तोच तो, आपल्या समोरच्या...”

पोस्टमास्तरांना एकाएकी खोकला आला. पाठोपाठ शेजारच्या बाईंना आला. बघता बघता सगळी खोली खोकू लागली आणि पुढचं नाव त्यात बुडून गेलं. सूनबाई तोंडावर हात दाबून बसली.

दाराशी बसलेला एकच माणूस खोकला नाही. तो उठला, सासऱ्यांना खेटून बसला आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं, पण फार गोड आवाजात म्हणाला,

“आजोबा, यांचं खोकून होऊ द्या. मला काही घाई नाही.”