शॉकवाला चिमटा

ताई : हॅण्डल वर धर. अजून वर... आला! निघाला बघ पुढच्या चाकाचा चिमटा, शॉक-अॅब्सॉर्बरसकट.

धाकटा : गोणीत घाल आणि भंगारात दे. आजच.

ताई : एवढी कसली घाई? नवा बसायचाय अजून.

धाकटा : मग बसव. बिनशॉकचा, साधा लोखंडी. बिघडायला त्यात काही नाहीच. तू सायकलवर कामाला गेलीस की आई निदान जीव मुठीत धरून बसणार नाही.

ताई : बसवते रे. पण ही रिंग? बेअरिंग जिच्यावर बसतं ती. जुन्याच्या मानेला घट्ट चिकटलीय. ती काढून नव्यावर चढवायला हवी.

धाकटा : दुसरी आण.

ताई : चार दुकानं पालथी घातली. वीस वर्षांची सायकल, या मापाची आता मिळत नाही.

धाकटा : मग छिन्नी लाव आणि ठोक.

ताई : आणि वाकली म्हणजे? मिस्त्रीकाकांकडे नेते. हत्यार त्यांच्याकडेच आहे.

धाकटा : तिथे नाही न्यायचा.

ताई : दोन वर्षं झाली, आता गिळ की राग. तमाशा तर मी केला होता. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. ‘तुम्ही दुरुस्त केलेला शॉक उतारावर अडकला, माझ्या भावाचा खांदा कायमचा गेला.’ बिचारे एवढंच म्हणाले, ‘एकदा आणून तर दाखव.’

धाकटा : बास ना. दे इकडे तो.

ताई : थांब. एवढं काय आहे यात, बघू तरी.

(ती चिमटा फरशीवर उभा धरून अंगाचा सगळा भार टाकते. तो दबतो, वर येतो. पुन्हा दबतो, वर येतो.)

ताई : हा तर लोण्यासारखा चालतोय.

धाकटा : दोन वर्षं सायकल माळ्यावर पडून होती, सुटला असेल.

ताई : माळ्यावर पडून लोखंड गंजतं, शहाण्या. सुटत नाही. इकडे बघ. अडकला होता का?

धाकटा : सगळे मित्र शिट्ट्या मारत उतरले होते. मी एकटा वर. निघालो, आणि निम्म्यात घाबरलो. पुढचा ब्रेक गच्च आवळला.

ताई : आणि शॉक?

धाकटा : शॉकला काय झालंय! घाबरलो म्हणून सांगत बसू का गावभर? तू विचारलंस, दुरुस्ती कुणाची? मी नाव सांगितलं. पुढचं सगळं तूच बोललीस.

ताई : मेल्या! माझ्या तोंडानं त्या माणसाच्या अन्नात माती कालवलीस. आणि मी अक्कलशून्य, हा असा एकदा दाबून बघायचं सुचलं नाही मला.

धाकटा : दे तो. डाव्या हातानं येतो मला उचलता.

ताई : कुठे निघालास?

धाकटा : दाखवायला.

ताई : आत्ता? कामात असतील ते.

धाकटा : नसतील. माझ्या खिडकीतून त्यांचं दुकान दिसतं रोज. हल्ली तिथे कुणी येत नाही.