अशील हजर

योगिनी : "ते कधीच खोटं बोलले नाहीत" हे वाक्य मी खोडते आहे, शालिग्रामकाका.

शालिग्राम : काहून? बाररूममदी शोकसभा म्हनलं की हे वाक्य लागतेच. मांगच्या साली ज्या वकिलाची सभा झाली, त्याच्याबद्दलही हेच म्हनलं. तो तं सोताचं वयही खरं सांगत नव्हता.

योगिनी : पण पुरावा काय? बत्तीस वर्षं फौजदारी वकिली, तीही आरोपीच्या बाजूनं. एवढ्या मोठ्या नमुन्यात एकही खोटं नाही?

शालिग्राम : आली सायन्सवाली बाई! बापाले जाऊन महिना नाई झाला, अन तू त्याचीच उलटतपासनी घेऊन राह्यली.

योगिनी : त्यांनीच शिकवली ना. "पाणीपुरी खाल्लीस का?" असं सरळ कधी विचारलं? "शाळा किती वाजता सुटली? बसस्टँडवरून आलीस का? मग कोणती बस लागली होती?" तिसऱ्या प्रश्नाला मी सापडायचे.

शालिग्राम : बत्तीस वर्सं त्याईचा कारकून म्हनून मीही तसाच सापडत आलो. बरं, साडेदहाले बोलाचं हाय, दहा वाजले. काय लिवलं आतापर्यंत?

योगिनी : "माझे वडील."

शालिग्राम : बस?

योगिनी : तेवढंच निर्विवाद आहे.

देवमन : (चहाचे ग्लास घेऊन आत येत) च्या घ्या. ताई, सभेत माहंही नाव घेजा. म्हना, इंझोरीच्या देवमनले बकरीचोरीच्या केसमदून साहेबानं सोडवलं, अन आता तो कोर्टासमोर च्याची टपरी चालवते.

योगिनी : देवमनभाऊ, एक सांगा. बकरी नेली की नाही, असं बाबांनी तुम्हाला विचारलं होतं का?

देवमन : कधीच नाई. पैले इचारलं, जेवला का? मंग इचारलं, त्या दिवशी कुठं कुठं गेलता? बस.

योगिनी : आणि नेली होती का?

देवमन : ताई! साहेबाची लेक होऊन असं इचारता? च्यात साखर कमी हाय का, ते सांगा.

शालिग्राम : जाय रे लेका, टपरीवर गिऱ्हाईक उभं हाय.

योगिनी : गेले देवमनभाऊ. पाहिलंत ना काका? अशिलाला ते विचारायचंच नाही, हा बाबांचा नियम. पाणीपुरीचं विचारायचे, पण ती एक गोष्ट मलाही कधी विचारली नाही.

शालिग्राम : तुले? तुह्यावर कोनती केस झालती?

योगिनी : सातवीतली. शाळेचा मायक्रोस्कोप.

शालिग्राम : हाव बावा! काळा कोट घालून गेलते हेडमास्तराकडं. फाईल माह्या हातात. म्या म्हनलं, साहेब, फाईल तं कोरी हाय. म्हने, असू दे, वजन पडते.

योगिनी : विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्याचं भिंग तडकलेलं सापडलं. त्या खोलीत शेवटी मी होते, म्हणून सरांनी माझं नाव घेतलं.

शालिग्राम : अन साहेबानं त्याईले अकरा प्रश्न इचारले. खिडकी उघडी होती का? खिचडीच्या खोलीतली मांजर त्या खिडकीतून येते का? हेडमास्तर म्हने, येते. झालं! संशयाचा फायदा, पोरगी निर्दोष.

योगिनी : भिंग मी फोडलं होतं, काका.

शालिग्राम : हं.

योगिनी : मोठं भिंग लावलं की मोठा स्क्रू फिरवायचा नसतो. मी फिरवला. भिंग काचेवर टेकलं आणि कर्रकन आवाज झाला. तेरा वर्षं मी कोणाला सांगितलं नाही. आता सगळे म्हणणार, वकीलसाहेबांनी लेकीला खरं बोलायला शिकवलं. त्यावर मी मान कशी हलवू? मला एवढंच कळायला हवं, बाबांना माहीत होतं का? नसेल, तर मी त्यांना फसवलं आणि ते तसेच गेले.

शालिग्राम : मंग त्या मांजरीचं काय झालं?

योगिनी : मनीचं? ती तर आमच्याकडेच होती, नऊ वर्षं. शाळा तिला हाकलणार होती, म्हणून बाबांनी स्कूटरवर, पोत्यात घालून घरी आणली.

शालिग्राम : पोतं म्या धरलं होतं. हा पाह्य, ओरखडा अजून हाय. म्या म्हनलं, साहेब, मायक्रोस्कोप फोडनारी मांजर घरी कायले नेता? तं म्हने, शालिग्राम, ज्यानं केलं नाई त्याले शिक्षा झाली की मले झोप येत नाई.

योगिनी : थांबा. "ज्यानं केलं नाही"? म्हणजे मांजरीनं केलं नाही, हे त्यांना त्याच दिवशी माहीत होतं.

शालिग्राम : एम.एस्सी. झाली बाई! नऊ वर्सं पुरावा मांडीवर येऊन झोपे, तरी तुले समजलं नाई.

योगिनी : मग ते रागावले का नाहीत? काही बोललेसुद्धा नाहीत!

शालिग्राम : ते कपाट उघड. दरसालच्या डायऱ्या हायेत, कोर्टाच्या तारखांच्या. बारा सालची काढ. पंधरा डिसेंबर पाह्य, हेडमास्तराकडं गेलतो तो दिवस.

योगिनी : "यो. जबाब बाकी. पुढची तारीख." काका, हे बाबांचं अक्षर आहे.

शालिग्राम : बाकी समद्या नोंदी माह्या हातच्या. हे एक मात्र ते सोता लिवत. पुढची पाह्य.

योगिनी : तेरा साल, पंधरा डिसेंबर. "अशील हजर. मांजर हजर. जबाब नाही. पुढची तारीख." एकोणीस. "अशील पुण्यात. फोन आला, थंडीबद्दल बोलली. पुढची तारीख." एकवीस. "मांजर मयत. अशील रडली. आज सांगेल असं वाटलं. पुढची तारीख."

शालिग्राम : म्या एकडाव इचारलं, साहेब, हे कोनतं मॅटर? म्हने, घरचं हाय, घाई नाई.

योगिनी : आरोपी कुठेच लिहिलं नाही. सगळीकडे अशील.

शालिग्राम : तो शब्द सरकारी वकिलाचा. आपल्या ऑफिसात अशीलच.

योगिनी : यंदाची डायरी कुठे आहे?

शालिग्राम : तुह्या समोर. दवाखान्यात जाच्या दोन दिवस आधी आनली होती. नवी डायरी आली की पैले हेच लिवत.

योगिनी : कोरी आहे. कोरी… पंधरा डिसेंबर. "यो. जबाब." अजून अकरा महिने आहेत, काका.

शालिग्राम : अर्ज केला तं तारीख अलीकडं घेता येते.

योगिनी : कोणाकडे करायचा?

शालिग्राम : बत्तीस वर्सं तारखा म्या लिवल्या, तं माह्याकडंच कर. मंजूर. पेन दे इकडं. हे आजचं पान. अशील… हजर. आता उभी राह्य. बसून दिलेला जबाब साहेबाले चालत नव्हता.

योगिनी : सभेला उशीर होईल.

शालिग्राम : होऊ दे. साहेब कुठं कधी येळेवर पोचले? त्याईच्या सभेले आपन येळेवर गेलो तं लोकाईले संशय येईन.

योगिनी : कुठून सुरू करू?

शालिग्राम : जे निर्विवाद हाय, तिथून.

योगिनी : बाबा, मनीनं काही केलं नव्हतं.